सलाम नाकारणारा मल्ल : वेर्नर झेलेनबिंडर

1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकचा विषय निघाला की आपल्याकडे तीन गोष्टी हमखास सांगितल्या जातात. ध्यानचंद यांच्या संघाने यजमान जर्मनीला हॉकीच्या अंतिम सामन्यात 8-1 असे लोळवले, ही पहिली. अमेरिकेचे कृष्णवर्णीय धावपटू जेसी ओवेन्स यांनी चार सुवर्णपदके जिंकून हिटलरच्या वंशश्रेष्ठत्वाच्या सिद्धांताला त्याच्याच राजधानीत चपराक लगावली, ही दुसरी. आणि अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने त्याच सुमारास बर्लिनला जाऊन आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली, ही तिसरी. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि अभिमानाने सांगाव्यात अशाच आहेत. मात्र त्याच ऑलिम्पिकमध्ये एक जर्मन मल्ल उतरला होता. तो पदक जिंकण्यासाठी जितका उतरला होता, तितकाच हुकूमशहाला भर मैदानात, साऱ्या जगासमक्ष नकार देण्यासाठी उतरला होता. त्या मल्लाचे नाव वेर्नर झेलेनबिंडर. हे नाव आपल्याकडे जवळपास कोणालाच ठाऊक नाही.

याउलट हिटलरचे आत्मचरित्र आपल्या देशात आजही पुस्तकांच्या दुकानांत सहज मिळते. हिटलर कसा कणखर होता, त्याने देश कसा शिस्तीत आणला, असे कौतुकाने बोलणारी सुशिक्षित माणसे आपल्या आजूबाजूला कमी नाहीत. ज्याने लाखो माणसे मारली त्याचे पुस्तक खपते आणि ज्याने त्याच्यापुढे हात उंचावण्याचे नाकारले त्याचे नावही माहीत नसते. ही गोष्ट साधी नाही. कोणाची आठवण ठेवायची आणि कोणाची पुसून टाकायची, हा प्रश्न प्रत्येक समाजात सत्तेचा प्रश्न असतो. म्हणूनच या मल्लाचे चरित्र वाचकांपुढे मांडणे आम्हाला अगत्याचे वाटते.

वेर्नर झेलेनबिंडर यांचा जन्म 2 ऑगस्ट 1904 रोजी श्टेटिन या बंदराच्या गावी झाला. ते गाव तेव्हा जर्मनीत होते, आज ते पोलंडमध्ये आहे आणि श्चेचिन या नावाने ओळखले जाते. घर कामगाराचे. कुटुंब पुढे बर्लिनला आले आणि वेर्नर तिथेच वाढले. पोटासाठी लहान वयातच त्यांना मिळेल ते काम करावे लागले. दिवसा अंगमेहनत आणि संध्याकाळी कुस्ती, असा त्यांचा दिनक्रम होता. ज्यांच्या घरात खुराकाला पैसा नाही, शिफारस करायला कोणी नाही, अशा घरांतूनच मल्ल कसे घडतात हे महाराष्ट्रातल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

ते ज्या प्रकारची कुस्ती खेळत तिला ग्रीको-रोमन म्हणतात. आपल्या मातीतल्या कुस्तीपेक्षा ती बरीच वेगळी. या कुस्तीत कमरेच्या खाली हात लावायचा नाही आणि पायाचा डाव टाकायचा नाही. म्हणजे पट काढणे नाही, टांग मारणे नाही. जे काही करायचे ते छाती, खांदे, दंड आणि कंबर यांच्या बळावर. प्रतिस्पर्ध्याला समोरून मिठीत धरायचे, उचलायचे आणि त्याचे दोन्ही खांदे मॅटला टेकवायचे. आखूड पल्ल्याची, छातीला छाती भिडवून लढण्याची ही कुस्ती आहे. तिच्यात पळवाट फार कमी असते.

झेलेनबिंडर तयार झाले ते कामगारांच्या क्रीडा क्लबात. हा मुद्दा नीट समजून घेतला पाहिजे. त्या काळी जर्मनीतील बडे व्यायाम संघ आणि क्रीडा संघ हे मध्यमवर्गाच्या व वरच्या वर्गाच्या ताब्यात होते. तिथे कारखान्यातल्या पोराला मान नव्हता आणि सम्राटाच्या जयजयकाराला मात्र मानाचे स्थान होते. म्हणून कामगारांनी 1893 साली आपली स्वतंत्र व्यायाम संघटना काढली. पुढे तिच्यासारख्या अनेक संघटना उभ्या राहिल्या आणि 1920 च्या दशकात त्यांची एकूण सभासद संख्या दहा लाखांच्या वर गेली. त्यांची मैदाने होती, व्यायामशाळा होत्या, वृत्तपत्रे होती. दुसऱ्याच्या दारात उभे राहून प्रवेश मागण्यापेक्षा स्वतःचे घर बांधलेले बरे, हा स्वाभिमानाचा मार्ग त्या कामगारांनी निवडला होता.

एवढेच नव्हे तर त्यांनी स्वतःचे ऑलिम्पिकही भरवले. पहिल्या महायुद्धाची शिक्षा म्हणून 1920 आणि 1924 च्या ऑलिम्पिकमधून जर्मनीला वगळण्यात आले होते. अशा वेळी 1925 च्या जुलैमध्ये फ्रँकफर्ट येथे कामगारांचे पहिले आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक झाले. कालपर्यंत खंदकांत एकमेकांवर गोळ्या झाडणाऱ्या देशांतील कामगार तिथे एकत्र खेळले. राष्ट्राराष्ट्रांच्या ध्वजांऐवजी तिथे लाल बावटा होता आणि पुन्हा युद्ध नको हा त्या मेळ्याचा घोष होता. या ऑलिम्पिकमध्ये वीस वर्षांचे झेलेनबिंडर कुस्तीत आपल्या वजनगटात विजयी झाले. त्यांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द अशी कामगारांच्या मैदानावर सुरू झाली. 1928 साली ते मॉस्को येथे भरलेल्या क्रीडा मेळ्यात लढले आणि त्याच वर्षी जर्मन कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले.

इथे एका कटू गोष्टीचा उल्लेख केला पाहिजे. ज्या काळात नाझी पक्ष वाढत होता त्याच काळात जर्मनीतील कामगार चळवळ आतून दुभंगली होती. एकीकडे सोशल डेमोक्रॅट, दुसरीकडे कम्युनिस्ट. दोघेही कामगारांच्या नावाने बोलत आणि दोघेही एकमेकांना मुख्य शत्रू मानत. राजकारणातली ही फूट क्रीडा संघटनेतही शिरली आणि 1920 च्या दशकाच्या अखेरीस कामगारांचे क्लबही दोन गटांत विभागले गेले. नोव्हेंबर 1932 च्या निवडणुकीत नाझी पक्षाला 33 टक्के मते मिळाली. सोशल डेमोक्रॅट आणि कम्युनिस्ट यांच्या मतांची बेरीज 37 टक्क्यांच्या वर होती. बेरीज मोठी होती, पण ती फक्त कागदावर होती. अवघ्या तीन महिन्यांत, 30 जानेवारी 1933 रोजी हिटलर चॅन्सेलर झाला. पुढे छळछावण्यांत दोन्ही पक्षांचे कार्यकर्ते शेजारी शेजारी आले, तेव्हा फार उशीर झाला होता. झेलेनबिंडर यांच्या पक्षालाही या दोषातून मोकळे करता येणार नाही. चळवळीतल्या गटबाजीची किंमत नेते क्वचितच देतात, ती तळातल्या माणसाला द्यावी लागते. हा धडा जर्मनीपुरता नाही, हे आमच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही.

सत्ता हाती येताच नाझींनी कामगार संघटनांबरोबर कामगारांचे क्रीडा क्लबही मोडले. त्यांची मैदाने, इमारती, साहित्य जप्त केले. ज्यांना खेळायचे होते त्यांना सरकारमान्य क्लबांचा रस्ता धरावा लागला. झेलेनबिंडर यांनीही तो धरला आणि 1933 सालीच ते जर्मनीचे राष्ट्रीय विजेते झाले. पदक घ्यायला ते उभे राहिले तेव्हा सगळ्यांनी करायचा तो विधी ठरलेला होता. उजवा हात ताठ पुढे करून हिटलरच्या नावाने सलामी द्यायची. झेलेनबिंडर यांनी हात उचलला नाही.

वरवर पाहता ही किती लहान कृती! एक घोषणा नाही, एक शब्द नाही. पण हुकूमशाही नेमकी अशाच लहान लहान होकारांवर उभी असते. प्रत्येकाने रोज हात उचलला की हात न उचलणे हा गुन्हा ठरतो. या गुन्ह्याबद्दल झेलेनबिंडर यांच्यावर सोळा महिने सराव करण्याची व स्पर्धेत उतरण्याची बंदी घालण्यात आली. ऐन उमेदीच्या वयात मल्लाला सोळा महिने मॅटपासून दूर ठेवणे म्हणजे काय, हे ज्याने आयुष्यात एकदा तरी तालमीत जोर-बैठका काढल्या आहेत त्याला कळेल.

बंदी संपली आणि ते परत आले. पुढील वर्षांत त्यांनी पुन्हा पुन्हा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. एकूण सहा वेळा ते जर्मनीचे विजेते ठरले. इथे कोणी विचारील, की ज्या राजवटीला नकार दिला तिच्याच स्पर्धांत परत का उतरले? तिच्याच नावाची जर्सी का घातली? प्रश्न रास्त आहे. झेलेनबिंडर यांनाही तो पडला असणारच, कारण ऑलिम्पिकमध्ये उतरावे की नाही याचा खल त्यांच्या भूमिगत सहकाऱ्यांमध्ये झाला होता. बाहेर राहून गप्प बसण्यापेक्षा आत शिरून घाव घालावा, असे सहकाऱ्यांचे म्हणणे पडले. कारण 1936 मध्ये बर्लिन हे जगातले सर्वात मोठे व्यासपीठ होणार होते.

ते व्यासपीठ कसे सजवले होते तेही पाहा. हे ऑलिम्पिक बर्लिनला देण्याचा निर्णय 1931 साली, म्हणजे हिटलर सत्तेवर येण्याआधी झाला होता. नाझींनी त्याचा पुरेपूर उपयोग करून घेतला. पाहुणे येण्यापूर्वी ज्यूंना मज्जाव करणाऱ्या पाट्या रस्त्यांवरून उतरवण्यात आल्या. जर्मनीच्या विक्रमाशी बरोबरी करणारी ज्यू उंचउडीपटू ग्रेटेल बेर्गमन हिला संघातून वगळण्यात आले. 16 जुलै 1936 रोजी शहरातील शेकडो रोमा आणि सिंती लोकांना, ज्यांना आपण जिप्सी म्हणतो, घरादारातून उचलून शहराबाहेर मारत्सान येथील छावणीत कोंडण्यात आले. पाहुण्यांच्या नजरेला गरीब आणि नकोसे लोक पडू नयेत म्हणून शहर झाडून घेण्याची ही पद्धत आपल्यालाही अनोळखी नाही. त्याच उन्हाळ्यात बर्लिनच्या उत्तरेला साक्सेनहाउझेनची छळछावणी बांधली जात होती. एकीकडे शांततेची ज्योत आणि दुसरीकडे काटेरी तार, असे ते बर्लिन होते.

त्यावेळी स्पेनमधील बार्सिलोना येथे या ऑलिम्पिकच्या निषेधार्थ लोकांचे स्वतंत्र ऑलिम्पिक भरणार होते. अनेक देशांतून कामगार खेळाडू तिथे पोहोचलेही होते. पण उद्घाटनाच्या तोंडावर, जुलै 1936 मध्ये, स्पेनमध्ये लष्करी उठाव झाला, यादवी युद्ध पेटले आणि ते ऑलिम्पिक झालेच नाही. जगाचे डोळे फक्त बर्लिनवर राहिले.

झेलेनबिंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा बेत पुढे सहकाऱ्यांच्या सांगण्यातून जगासमोर आला. पदक मिळाले की विजेत्याच्या चौथऱ्यावर उभे राहायचे, नाझी सलामी द्यायची नाही, उलट सर्वांना दिसेल असा अवमानाचा इशारा करायचा. विजेत्यांच्या मुलाखती रेडिओवरून होत. तिथे संधी मिळाली तर जर्मनीत खरे काय चालले आहे ते जगाला सांगायचे. याचा परिणाम काय होणार हे त्यांना माहीत नव्हते असे नाही. 1933 ला सोळा महिन्यांची बंदी आली होती. 1936 ला चौथऱ्यावरून उतरल्यावर घराकडे जाणारा रस्ता उरला नसता.

कुस्तीचे सामने डॉइचलँडहाले या बंदिस्त सभागृहात झाले. झेलेनबिंडर 87 किलोपर्यंतच्या गटात होते. पहिलीच कुस्ती ते हरले. त्यानंतर सावरून त्यांनी लढत दिली आणि ते चौथ्या क्रमांकावर आले. स्वीडनचे काडियर पहिले, लाटवियाचे बिएटाग्स दुसरे आणि एस्टोनियाचे नेओ तिसरे. चौथऱ्यावर तिघांनाच जागा असते. एका क्रमांकाने तो चौथरा हुकला आणि ज्या क्षणासाठी सगळे आखले होते तो क्षण आलाच नाही.

आमच्या मते या माणसाचे मोठेपण खऱ्या अर्थाने इथून पुढे दिसते. बेत फसला होता. जगाला काही कळलेही नव्हते. दुसरा एखादा माणूस नशिबाला बोल लावून बाजूला झाला असता आणि त्याला कोणी दोषही दिला नसता. झेलेनबिंडर बाजूला झाले नाहीत. गाजावाजा होईल असे काम हातून गेले, तेव्हा त्यांनी कोणालाही न दिसणारे काम चालू ठेवले. 1937 साली पॅरिस येथे आणि 1938 साली टॅलिन येथे युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेत त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्पर्धेसाठी परदेशी जाणाऱ्या नामांकित मल्लावर सीमेवरचे पोलीस तितका संशय घेत नसत. त्याचा फायदा घेऊन ते भूमिगत चळवळीचे निरोप आणि कागदपत्रे इकडून तिकडे पोहोचवत. बर्लिनमध्ये रोबर्ट ऊरिग या कारखान्यातल्या कारागिराने नाझींविरोधी कामगारांचे जाळे विणले होते. अनेक कारखान्यांत त्याचे छोटे छोटे गट होते. झेलेनबिंडर त्या जाळ्यातला एक दुवा होते.

परत का उतरले, या मघाच्या प्रश्नाचे उत्तर यात आहे. ज्या जर्सीवर राजवटीचे चिन्ह होते त्याच जर्सीच्या आडून राजवटीविरुद्धचे काम चालले होते. उघड नकार आणि लपून केलेले काम यांत श्रेष्ठ कोणते, असा वाद घालण्यात आम्हाला अर्थ वाटत नाही. नकाराने इतरांना धीर येतो आणि चिकाटीच्या कामाने चळवळ टिकते. झेलेनबिंडर यांनी आपल्या आयुष्यात दोन्ही केले.

4 फेब्रुवारी 1942 रोजी गेस्टापोने ऊरिग गटावर झडप घातली. अनेक सहकाऱ्यांबरोबर झेलेनबिंडर यांनाही अटक झाली. त्यांचा छळ झाला. पुढची अडीच वर्षांहून अधिक काळ त्यांना नऊ तुरुंग आणि छावण्यांतून फिरवण्यात आले. उपासमार, आजारपण आणि मारहाण यांनी राष्ट्रीय विजेत्याचे शरीर मोडून काढले. 5 सप्टेंबर 1944 रोजी त्यांना देहदंडाची शिक्षा सुनावण्यात आली. ज्या न्यायालयाने ती सुनावली त्याचे नाव होते लोकन्यायालय! हुकूमशाहीला लोक या शब्दाचे फार प्रेम असते, फक्त लोक नको असतात. बर्लिनच्या पश्चिमेला ब्रांडेनबुर्ग-ग्योर्डेन येथे एक तुरुंग आहे. नाझी काळात तिथे दीड हजारांहून अधिक माणसांना देहदंड देण्यात आला. ऊरिग यांना ऑगस्टमध्येच तिथे मारले होते. 24 ऑक्टोबर 1944 रोजी वेर्नर झेलेनबिंडर यांचा शिरच्छेद करण्यात आला. त्यांचे वय 40 होते. सहा महिन्यांत नाझी राजवट कोसळणार होती.

मरणापूर्वी त्यांनी आपल्या वडिलांना व भावंडांना पत्र लिहिले. त्यात रडगाणे नाही. माणसाच्या वाट्याला येऊ शकणारी सगळी दुःखे आपण तुरुंगात सोसली, हे त्यांनी सांगितले. युद्ध संपल्यावर घरच्या माणसांत आणि कुस्तीतल्या मित्रांत राहून साधे सुखाचे दिवस काढायची इच्छा होती, हेही कळवले. आणि आपल्या माणसांच्या व खेळावर प्रेम करणाऱ्यांच्या मनात आपल्याला जागा आहे, या भरवशावर आपण अखेरच्या घडीला डगमगणार नाही, असा दिलासा त्यांनी दिला. मरणाऱ्याने मागे राहणाऱ्यांना धीर द्यावा, याहून मोठे बळ कोणत्या आखाड्यात पाहायला मिळते?

त्यांचा हा भरवसा जगाने कितपत राखला, हा या चरित्राचा शेवटचा भाग आहे आणि आम्हाला तो सर्वात महत्त्वाचा वाटतो. युद्ध संपताच, 29 जुलै 1945 रोजी, बर्लिनच्या नॉयकोल्न भागातील मैदानात त्यांच्या अस्थी पुरण्यात आल्या आणि त्या मैदानाला त्यांचे नाव दिले गेले. पण लवकरच शीतयुद्ध सुरू झाले. नॉयकोल्न अमेरिकेच्या ताब्यातील भागात होते. मेलेला मल्ल कम्युनिस्ट होता हे एवढे कारण पुरेसे ठरले आणि मैदानाचे नाव काढून टाकण्यात आले. अस्थी तिथेच राहिल्या, नाव गेले. भिंतीपलीकडे पूर्व जर्मनीत उलटा प्रकार झाला. तिथे 1950 साली बर्लिनमध्ये त्यांच्या नावाने मोठे क्रीडागृह उघडले. त्यांच्या नावाचे टपाल तिकीट निघाले, शाळांना आणि रस्त्यांना त्यांचे नाव दिले गेले. पण ज्या राज्याने हे केले तेही आपल्या विरोधकांना तुरुंगात डांबत होते. नकार देणाऱ्या माणसाचा पुतळा उभारायचा आणि नकार देणाऱ्या जिवंत माणसांना गप्प करायचे, असा तो कारभार होता. म्हणजे एका बाजूने त्यांना पुसले आणि दुसऱ्या बाजूने वापरले. दोन्हीकडे माणूस हरवला.

पुढे दोन्ही जर्मनी एक झाल्या. बर्लिनला 2000 सालचे ऑलिम्पिक हवे होते. त्यासाठी नवे सायकल शर्यतीचे क्रीडागृह बांधायचे ठरले आणि त्या जागेवरचे झेलेनबिंडर यांच्या नावाचे क्रीडागृह 1993 साली पाडण्यात आले. ऑलिम्पिक मात्र सिडनीला गेले. ज्या ऑलिम्पिकच्या चौथऱ्यावरून ते जगाशी बोलणार होते, त्याच ऑलिम्पिकच्या हौसेपायी त्यांच्या नावाची भिंत पडली! नॉयकोल्नच्या लोकांनी मात्र स्मरण सोडले नाही. अखेर 2004 साली, त्यांच्या मृत्यूला 60 वर्षे झाली तेव्हा, त्या मैदानाला त्यांचे नाव परत देण्यात आले. मधल्या अर्धशतकाहून अधिक काळ ते आपल्याच कबरीवर निनावी होते.

खेळात राजकारण आणू नका, असा उपदेश खेळाडूंना नेहमी केला जातो. तो करणारे बहुधा सत्तेच्या जवळ बसलेले असतात. खेळाडू पदक जिंकून नेत्याच्या शेजारी उभा राहून फोटो काढतो तेव्हा ते राजकारण ठरत नाही. तो अन्यायाबद्दल बोलला, रस्त्यावर बसला, हात उचलायला नाही म्हणाला, की लगेच ते राजकारण ठरते. हिटलरने अख्खे ऑलिम्पिक आपल्या प्रचारासाठी वापरले, तेव्हा जगातल्या क्रीडा धुरीणांना त्यात राजकारण दिसले नव्हते. म्हणून आम्ही म्हणतो की मुलांना खेळाडूंच्या गोष्टी सांगताना पदकांच्या तक्त्याबरोबर ही गोष्टही सांगितली पाहिजे. तालमीत दंड कमावणाऱ्या पोराला हे कळले पाहिजे की हे बळ फक्त समोरच्याला उचलण्यासाठी नसते. वेळ आली तर सगळे सभागृह हात उंचावून उभे असताना आपला हात खाली ठेवण्यासाठीही ते लागते.

ऑलिम्पिकच्या नोंदीत वेर्नर झेलेनबिंडर यांच्या नावापुढे चौथा क्रमांक लिहिलेला आहे आणि तो तसाच राहणार आहे. दरवर्षी 24 ऑक्टोबरला त्यांचा स्मृतिदिन येतो. त्या चौथ्या क्रमांकाच्या मल्लाला आमचे विनम्र अभिवादन!